आधी एरंडेल, मग कलप

पोरी, भावाच्या लग्नाआधी आईचे केस तूच घरी रंगवणार म्हणालीस, म्हणून हे एकदा नीट सांगून ठेवते. कलप लावणं अवघड नाही. तो कपाळावर, कानाच्या पाळीवर, मानेवर उतरू न देणं अवघड आहे. केस कितीही छान रंगू देत, बघणाऱ्याची नजर आधी कपाळावरच्या काळ्या पट्टीवर जाते. आणि ती पट्टी उमटली की बाया घाबरतात आणि हाताला लागेल त्यानं घासत सुटतात. आपल्या हुलसुरात मी रॉकेलनं पुसलेली कपाळं पाहिलीत, चुना चोळलेला पाहिलाय, पाय घासायच्या वज्रीनं मानेचं कातडं सोलून काढलेलं पाहिलंय. डाग आठवडाभरात आपणहून जाणारच होता. सोललेल्या जागेचा वण मात्र कितीतरी महिने राहिला. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की डागाचा बंदोबस्त पाकीट फोडायच्या आधी करायचा, नंतर नाही.

कलप कातडीला का धरतो ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. बीदरला बिदरीचं काम चालतं ते तू पाहिलंयस. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं भांडं, त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवलेली. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. भांडं काळंभोर होतं आणि चांदी मात्र पांढरीच राहते. त्या मातीला कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं ते बरोबर कळतं. कलपाला ते कळत नाही. केस केराटिन नावाच्या पदार्थाचा बनलेला असतो, आणि आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थरही त्याचाच, नखंही त्याचीच. कलपाच्या दृष्टीनं केस, कपाळ आणि नख सारखंच. हा भेद आपण तेलानं उभा करायचा असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक काळ्या कलपात पी.पी.डी. म्हणतात ते रसायन असतं, पॅराफिनिलीनडायअमीन. ते मुळात काळं नसतं. पुडीतली भुकटी पाण्यात कालवली, किंवा क्रीममध्ये दुसऱ्या बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलं, की त्याचे बारीक कण केसात आत शिरतात, तिथे एकमेकांना जोडून मोठे आणि काळे होतात, आणि मोठे झाल्यावर बाहेर येऊ शकत नाहीत. म्हणून तर हा रंग धुतल्यानं जात नाही. कातडीवरही तेच घडतं, पण त्याला थोडा वेळ लागतो. कपाळावर थेंब पडला आणि तू लगेच पुसलास तर तिथे काहीही राहत नाही. तोच थेंब अर्धा तास राहिला तर मग तो कातडीचाच झाला. हे लक्षात ठेव आणि कलप लावताना ओला कापूस डाव्या हातातून खाली ठेवू नकोस.

आता दिवस ठरवू. लग्न रविवारी असेल तर कलप गुरुवारी लाव. आदल्या रात्री लावू नकोस. इतकं सांभाळूनही कुठेतरी बारीक डाग राहिलाच, तर मधल्या दोन-तीन आंघोळींत तो फिका होतो. कातडीचा वरचा थर रोज झडत असतो, आणि डाग त्या थरातच असतो.

मंगळवारी आईच्या कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला साबणानं धुऊन, कोरडं पुसून, कालवलेल्या कलपाचा हरभऱ्याएवढा ठिपका लावून बघ. अठ्ठेचाळीस तास वाट बघायची. खाज, लाली, पुळी, सूज, काहीही आलं तर ते पाकीट वापरायचं नाही, लग्न असो की काही असो. हा कंटाळा करू नकोस. पी.पी.डी. एकदा अंगाला सोसेनासं झालं की ते आयुष्यभर सोसत नाही, आणि दर वेळी त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो. मागच्या वर्षी काही झालं नाही म्हणून या वर्षी होणार नाही असंही नसतं. देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत असल्या कलपाच्या पाकिटावर ही सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं बंधनकारक आहे. १९५६ साली आपला बीदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला, पण घरातली भाषा मराठीच राहिली. त्यामुळे आपल्याकडे एका पाकिटावर कन्नड असतं, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर हिंदी. तुला कन्नड वाचता येतं, आईला येत नाही. तिला मोठ्यानं वाचून दाखव. डोकं तिचं आहे, तिला कळलं पाहिजे.

बुधवारी केस धुऊन घ्यायचे. गुरुवारी नाही. नुकतंच खसाखसा धुतलेलं डोकं कलपानं चुरचुरतं, आणि कातडीवरचा नैसर्गिक तेलकटपणा गेला की रंगही जास्त धरतो. केसांना मात्र तेल नको, बुधवारीही नको आणि गुरुवारीही नको. तेलकट केसावर कलप चढत नाही, पट्टे पडतात. डोक्यात खरूज, जखम, नखानं ओरबाडलेलं असेल तर ते बरं होईपर्यंत थांब.

गुरुवारी सकाळी लवकर बस. उन्हाळ्याचं लग्न आहे. वैशाखात अकरा वाजल्यानंतर कपाळावरून घाम ओघळतो आणि कलप बरोबर घेऊन येतो. शिवाय उष्णतेनं रंग लवकर चढतो, म्हणजे पुसायला सवड कमी. आणि कालवायच्या आधी न्हाणीत दोन बकेट पाणी भरून ठेव. आपल्याकडे लाईट गेली की बोअर बंद. डोक्याला कलप आणि नळाला पाणी नाही अशी वेळ आली, तर कलप ठरल्यापेक्षा तासभर जास्त राहतो, आणि तोपर्यंत कपाळाचं काय व्हायचं ते होऊन जातं.

खाली खताचं रिकामं प्लास्टिकचं पोतं उलगडून पसर. आपली फरशी शहाबादी, म्हणजे चुनखडीचा दगड. तो रंग पितो, आणि डाग काढायला ॲसिड ओतलंस तर दगडच खातं. आईला जुनं, गडद रंगाचं पोलकं घालायला सांग, समोर गुंड्या किंवा बटणं असलेलं, म्हणजे नंतर डोक्यावरून काढावं लागणार नाही. रेशीम जवळपासही नको. इरकलीचा पदर रेशमाचा असतो, आणि रेशीम आणि लोकर कलप केसाइतकाच घट्ट धरतात. खांद्यावर जुना टॉवेल टाक आणि मानेपाशी चिमट्यानं आवळून घे, नाहीतर ओघळ पाठीत जातो.

कानातलं, गळ्यातलं, चष्मा काढून ठेव. चष्म्यावाचून आईला दिसत नसेल तर काड्यांना प्लास्टिक गुंडाळ. तुझ्या हातात काचेच्या बांगड्या असतील तर त्या काढ किंवा वर सारून कापडानं बांध, कारण हातमोजा बांगडीवरच फाटतो. हातमोजा घातलास की मनगटाची कड बाहेरच्या बाजूला दुमडून ठेव. हात वर उचलल्यावर ओघळ त्या दुमडीत अडकतो आणि कोपरापर्यंत पोचत नाही.

आता एरंडेल. मी हेच तेल का सांगते ते ऐक. आपल्या घरात करडईचं तेल असतं, पण ते पातळ. कपाळाला लावलं की घटकाभरात केसांत शिरतं आणि पुढच्या पांढऱ्या केसांनाच रंग चढू देत नाही. खोबरेल थंडीत गोठलेलं असतं तेव्हा चालतं, वैशाखात त्याचं पाणी होतं. एरंडेल घट्ट, चिकट, लावलं तिथेच राहतं. नसेल तर दुकानातलं व्हॅसलिन घे, ते तर उत्तमच. दोन्हीही कातडी आणि कलप यांच्या मध्ये उभं राहण्यासाठी लावायचं आहे, चोळून जिरवायला नाही. म्हणून दिसेल इतका जाड थर दे.

लावायची रीत अशी. आधी ओल्या फणीनं कपाळावरची बारीक लव आणि सुटे केस मागे सारून बसवून घे. मग बोटाच्या टोकावर एरंडेल घेऊन केसांच्या कडेपासून बाहेर, म्हणजे भुवयांच्या दिशेनं, बोट ओढ. उलटं कधी ओढू नकोस, तेल केसांत जाईल. बोटभर रुंद पट्टा कपाळावर, मग कानशिलावर, मग कानासमोर. कान पूर्ण माखायचा, पाळी, वरची कड आणि मागची खाच. बाया कपाळ सांभाळतात आणि कानामागची खाच विसरतात, आणि तिथलाच डाग सगळ्यात उशिरा लक्षात येतो. शेवटी मानेची कड. तिथे केस विरळ आणि कातडी घामट, तिथे दुप्पट लाव. कापसाची लांब वात करून कपाळाच्या पट्ट्यावर चिकटवून ठेवलीस तर आणखी बरं, ओघळ त्यात जिरतो. ती वात कलपानं भिजली की बदलायची, तशीच ठेवलीस तर तीच डाग पाडते.

कलप स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वाटीत कालवू नकोस, पेरॉक्साइड धातूशी नीट वागत नाही. चिनीमातीची जुनी बशी किंवा प्लास्टिकचं भांडं घे, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात आणू नकोस. भुकटीचा कलप असेल तर भुकटी आधी, पाणी चमच्याचमच्यानं. ब्रश उलटा धरला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. आपल्याकडचे निम्मे डाग पातळ कालवल्यानं पडतात. बाया एका पुडीत दोन डोकी उरकायची म्हणून पाणी वाढवतात; रंगही नीट चढत नाही आणि मानही काळी होते. पाकिटावर जे माप दिलंय तेच ठेव. लांब केसांना दोन पुड्या लागल्या तर लागू दे.

लावायला सुरुवात मागून कर, डोक्याच्या मधोमध भांग पाडून चार भाग कर आणि एकेक बट घे. पांढरे केस कपाळाशी आणि कानशिलाशी जास्त असतात, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, भरलेल्या ब्रशनं. तू मात्र पुढची कड सगळ्यात शेवटी घे, ब्रश जवळजवळ कोरडा असताना. मोठा ब्रश ठेवून जुना दात घासायचा ब्रश घे. केसाच्या मुळाशी टेकवायचा आणि मागे, डोक्याकडे ओढायचा. कपाळाकडे ब्रशचं तोंड कधीच नको. कातडीला घासून मुळापर्यंत पोचायची गरज नाही, तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडलीस तरी ती कुणाला दिसत नाही. प्रत्येक बटेनंतर कडेवरून नजर फिरव, ठिपका दिसला की ओल्या कापसानं बाहेरच्या दिशेनं एकदाच पूस, आणि कापूस उलटून स्वच्छ बाजू घे. त्याच कापसानं दुसऱ्यांदा पुसलंस तर ठिपक्याचा पट्टा होतो.

मग आईला एका जागी बसवून ठेव. फोन कानाला लावू द्यायचा नाही, उशीला टेकायचं नाही, पदर डोक्यावरून घ्यायचा नाही. खाज सुटली तर बोटाच्या मागच्या सांध्यानं हलकं दाबायचं, नखानं नाही. ठरलेला वेळ पाकिटावर असतो तेवढाच. जास्त ठेवला म्हणून रंग जास्त टिकत नाही, कातडीला मात्र त्रास होतो. डोळे, ओठ, पापण्या सुजल्या, श्वास जड झाला, तर घड्याळ बघत बसू नकोस. तिथल्या तिथे भरपूर पाण्यानं धू आणि बसवकल्याणला किंवा बीदरला दवाखान्यात ने.

धुताना जे चुकतं त्याकडे नीट लक्ष दे. हातमोजे काढायचे नाहीत. लावताना सगळ्या बाया मोजे घालतात आणि धुताना काढून टाकतात, कारण काम झालं असं वाटतं. नखं तेव्हाच काळी होतात. कातडीचा डाग आठवड्यात जातो, नखाचा तसा जात नाही. नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे मुळाशी रंगलेलं नख वाढून कापलं जाईपर्यंत सहा महिने.

आईला पुढे वाकवू नकोस, सगळं पाणी तोंडावर आणि डोळ्यांत येतं. पाटावर बसवून मान मागे टाकायला सांग आणि तांब्यानं कपाळाकडून मागे पाणी सोड. पण एकदम तांब्याभर ओतू नकोस. आधी ओंजळभर कोमट पाणी डोक्यात घाल आणि बोटांनी कलपच डोक्यात फिरव, फेस येईपर्यंत, कडेकडेनं कपाळाशी, कानाशी, मानेशी. त्या पातळ झालेल्या फेसात कडेला धरलेला रंग बराचसा सुटून येतो. पार्लरमध्ये हेच करतात. मग शाम्पू आणि पाणी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि केसांवर साय बसते, म्हणून साबण नको. शेवटी एरंडेलाचा पट्टा टॉवेलच्या जुन्या तुकड्यानं बाहेरच्या दिशेनं पुसून घे. कडेवर उतरलेला कलप त्या तेलाबरोबरच निघून येतो.

तरीही राहिलाच डाग, तर पुन्हा तेलच. या वेळी कुठलंही चालेल, करडईचं सुद्धा. डागावर लावून दहा मिनिटं ठेव, मऊ कापडानं गोल गोल फिरव, सौम्य साबणानं धू. रात्री पुन्हा लावून झोपू दे. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन हलक्या हातानं चोळली तरी वरचा थर थोडा निघतो, पण डोळ्यांपासून लांब आणि एकदाच. त्यापुढे काही नाही. रॉकेल नाही, नेलपॉलिश काढायचं पाणी नाही, ब्लीचिंग पावडर नाही, चुना नाही, चुलीतली ओली राख नाही. राखेचं पाणी क्षाराचं असतं, ते कातडी भाजतं. लिंबू आणि सोडा एकत्र करून चोळायचं खूळ अलीकडे आलंय, तेही नको. कलपानं आधीच दमलेल्या कातडीवर यातलं काहीही घातलंस तर लग्नात डागाऐवजी लाल चट्टा दिसेल.

बाबांच्या मिशीचं वेगळं सांगते, कारण ते आईच्या वाटीतलं उरलेलं मागतीलच. ओठावर आणि नाकपुडीच्या कडेला व्हॅसलिन, काडीला कापूस गुंडाळून टिपत टिपत लावायचं, आणि वेळ कमी ठेवायचा. त्या दिवशी दाढी केलेली नको, ताज्या दाढीच्या न दिसणाऱ्या कापांत कलप झोंबतो. भुवईला मात्र कलप लावायचा नाही, त्यांनी कितीही हट्ट केला तरी. पापण्यांनाही नाही. अमेरिकेत १९३३ च्या सुमाराला लॅश ल्यूर नावाचा पापण्यांचा कलप विकला जात होता, त्यात हेच पी.पी.डी. होतं. एका बाईची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांना कायद्याखाली आणलं, त्यामागे हे एक कारण होतं. आपल्या पाकिटांवर भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, असं छापलेलं असतं ते म्हणूनच.

आत्या म्हणेल, कलप कशाला, काळी मेंदी लावा, ती झाडपाल्याची असते. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा. मेंदीचं पान काळा रंग देत नाही. दहा-वीस मिनिटांत कुळकुळीत काळं करणारी 'मेंदी' दिसली की मागे वाच, तिथे बहुतेक पी.पी.डी. सापडेल, आणि मग वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू. खरी मेंदी आवळा आणि चहाच्या पाण्यात लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात ती मात्र वेगळी, लोखंडानं ती गडद होते. तिला चाचणीची धास्ती कमी, पण कपाळाला आणि नखांना तीही धरते. एरंडेल आणि हातमोजे तिथेही लागतात.

उरलेला कालवलेला कलप ठेवायचा नाही. तो हवेनं वाया जातो, आणि क्रीमचा असेल तर बंद बाटलीत वायू साठून बाटली फुटू शकते. पोत्यावर सांडलेलं, कापूस, मोजे, सगळं एका पिशवीत बांधून टाक. न फोडलेल्या पुड्या उंच फळीवर कुलपात ठेव. हे मी कळकळीनं सांगते. हा कलप पोटात गेला तर काही तासांत तोंड आणि गळा सुजतो, श्वास अडकतो, लघवी काळसर होते, मूत्रपिंडं बंद पडतात. घरात लहान लेकरू असो की मोठं माणूस, कुणी गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करायचे नाहीत, ओकायला लावायचं नाही. पाकीट हातात घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं, कारण पाकीट पाहिलं की डॉक्टरला कळतं काय झालंय.

केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. तीन-चार आठवड्यांनी भांगात पांढरी रेघ दिसेल, तेव्हा पूर्ण डोकं पुन्हा भिजवू नकोस. तेवढ्या मुळांपुरता थोडा कलप कालव, लांब केसांना लावूच नकोस. कलप थोडा असला की ओघळही थोडा. रिकामं खोकं फेकायच्या आधी त्यावरचं नाव आणि रंगाचा आकडा वहीत लिहून ठेव. पुढच्या वेळी तेच घ्यायचं, आणि तेच असलं तरी दोन दिवस आधी कानामागचा ठिपका पुन्हा लावायचा.